विजेतेपदांच्या यादीत न मावणारे रेसर

गेल्या आठवड्यात बायकर मित्रांच्या एका ग्रुपवर जुनाच वाद पुन्हा रंगला. मोटरसायकल रेसिंगमध्ये अगोस्टिनी मोठा, हेलवूड मोठा की रॉसी? सगळ्यांनी आकडे काढले. अगोस्टिनीची 15 विश्वविजेतेपदं, 122 विजय, वगैरे. आकड्यांशी माझं भांडण नाही. पण या वादात मला एक गोष्ट दर वेळी खटकते. 1968 साली अगोस्टिनीने जागतिक स्पर्धेच्या 500 सीसी गटातल्या (गट पडतात ते इंजिनाच्या आकारावरून) दहाच्या दहा रेस जिंकल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या वर्षी दुसरा कोण आला, हे कुणी विचारतही नाही.

दुसरा आला जॅक फिंडले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं मूरूपना हे त्याचं गाव. अगोस्टिनीकडे एमव्ही अगुस्ता या इटालियन कंपनीची तीन सिलिंडरची फॅक्टरी गाडी, म्हणजे कंपनीने स्वतःच्या टीमसाठी बनवलेली, दिमतीला मेकॅनिक आणि ठरलेला पगार. फिंडलेकडे मॅचलेसचं एका सिलिंडरचं इंजिन, तेसुद्धा कंपनीने केव्हाच बनवायचं बंद केलेलं. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, हात काळे तेही स्वतःचेच. 1958 साली तो युरोपात आला आणि पुढची वीस वर्षं रेस करत राहिला. अशा माणसाचं दुसरं येणं मला अगोस्टिनीच्या दहा विजयांहून कमी वाटत नाही. आज लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांबद्दल.

मोटरसायकल रेसिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1949 साली सुरू झाली. पुढची पंचवीस-तीस वर्षं तिच्यात उतरणाऱ्यांत मोठा भरणा होता तो खिशातले पैसे घालून, दूर देशांतून आलेल्या रायडर्सचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ऱ्होडेशिया म्हणजे आजचं झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका. घरी असलेलं किडूकमिडूक विकायचं, बोटीचं तिकीट काढायचं आणि निघायचं. ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला पोचायला महिनाभर किंवा थोडा जास्तच वेळ लागे. कोलंबो, एडन, सुएझ असा रस्ता. पी अँड ओची काही जहाजं मुंबईलाही थांबत, म्हणजे ही मंडळी आपल्या दारावरूनच गेली म्हणायची. इंग्लंडात उतरलं की अनेक जण आधी बर्मिंगहॅमला ब्रेसब्रिज स्ट्रीटवर नॉर्टनच्या कारखान्यात जात. मँक्स नॉर्टन ही त्या काळात सामान्य माणसाला विकत मिळणारी सगळ्यात भरवशाची रेसची गाडी. 350 गटासाठी एजेएसची 7आर. गाडी घ्यायची, जुनी व्हॅन घ्यायची आणि फेरीबोटीने युरोपात शिरायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती वगळली तर चित्र अर्धवट राहील. या बोटींवर चढणारे जवळपास सगळे गोरे होते. ऱ्होडेशियातल्या काळ्या माणसाला ही वाट मोकळी नव्हती. आपल्याकडेही जुहूच्या विमानतळावर, पुढे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस होत. वेगाचं वेड असलेली पोरं इथेही होती. पण परदेशात अख्खा सीझन काढायला लागणारं परकीय चलन तेव्हाच्या निर्बंधांत आपल्या सामान्य माणसाला मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. तेव्हा या रेसर्सना गरीब बिचारे म्हणण्यात अर्थ नाही. पासपोर्ट आणि कातडीचा रंग त्यांच्या बाजूने होता. त्यापुढचं सगळं मात्र त्यांना कष्टानेच मिळवावं लागलं.

या फिरत्या जगाला लोक 'कॉन्टिनेंटल सर्कस' म्हणत. आपल्याला ते चटकन समजेल तमाशाच्या फडावरून. यात्रांचा हंगाम सुरू झाला की फड निघतो. आज या गावची यात्रा, परवा त्या गावची. सुपारी ठरलेली, ट्रकमध्येच संसार, रात्री खेळ आणि पहाटे पुढच्या गावाची वाट. या रेसर्सचं अगदी तसंच होतं. हिवाळ्यात बसून ते युरोपभरच्या आयोजकांना पत्रं लिहीत: मी अमुक देशाचा, गेल्या वर्षी अमुक ठिकाणी इतकावा आलो, मला तुमच्या रेसला बोलवा. आयोजकांनाही पोस्टरवर वेगवेगळ्या देशांची नावं हवी असत. मग रक्कम ठरे. तिला म्हणायचे स्टार्ट मनी, म्हणजे रेसला उभं राहण्याचे पैसे. बक्षीस मिळालं तर मिळालं, जगायचं ते या पैशांवर. बेल्जियममध्ये मेते, जर्मनीत सांक्ट वेंडेल, हॉलंडमध्ये टुबर्गेन, स्वीडनमध्ये हेडेमोरा, चेकोस्लोव्हाकियात ब्रनो. रविवारी रेस, संध्याकाळी एखाद्या हॉटेलात किंवा क्लबात पैसे हातात पडायचे, आणि मग रात्रभर गाडी हाकत पुढचा देश गाठायचा. पूर्व जर्मनीत किंवा चेकोस्लोव्हाकियात मिळालेल्या नोटा सीमेबाहेर चालत नसत. त्या तिथेच खर्चून टाकाव्या लागत.

बरेचदा व्हॅनमध्येच झोप. गाड्या बाहेर काढून त्यांच्या जागी अंथरूण. त्याच जागेत स्टोव्ह, सुटे गिअर, चेनी, टायर, वाळत घातलेले कपडे. रेसच्या इंजिनात एरंडेलापासून बनवलेलं तेल घालत. त्याचा जळका, गोडसर वास एकदा नाकात बसला की जात नाही. मँक्स नॉर्टनच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा उघड्यावर असत, त्यामुळे इंजिन तेल उडवणारच. रेस संपेपर्यंत बूट आणि पँट तेलाने माखलेले. दर काही रेसनंतर इंजिन उघडायचं, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, पिस्टन बघायचा, कनेक्टिंग रॉड आणखी किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधायचा. हे सगळं एखाद्या शेताच्या कडेला, कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात. इंजिन फुटलं तर पुढच्या दोन-तीन सुपाऱ्या बुडाल्या आणि कदाचित सीझनही. म्हणून हे रायडर गाडी जपून पळवत, आणि फॅक्टरीच्या गाडीवाल्यांना तसं जपावं लागत नसे. निकालाचा तक्ता बघताना हा फरक कुठे दिसतो?

रेस सुरू व्हायची ती गाडी ढकलून. आज सिग्नलचे दिवे विझतात आणि गाड्या सुटतात. तेव्हा इंजिनं बंद असत. झेंडा पडला की तीस-चाळीस जण चामड्याच्या सूटमध्ये, गाडीच्या हँडलला धरून धावत सुटायचे. दोन-तीन सेकंद फक्त बुटांचा आवाज. मग उडी मारून सीटवर आडवं बसायचं, क्लच सोडायचा, इंजिनने एक उचकी द्यायची आणि पेटायचं. पेटलं नाही तर परत धावायचं. आणि हे सगळं रोजच्या वापरातल्या रस्त्यांवर. कडेला झाडं, दगडी भिंती, दिव्यांचे खांब, घरांच्या पायऱ्या. फिनलंडमधल्या इमात्राच्या ट्रॅकवर तर चक्क रेल्वेचं फाटक लागायचं. रूळ ओलांडताना गाडी हवेत जायची. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावरचा एक फेरा 60 किलोमीटरहून मोठा, गावांतून आणि डोंगरावरून जाणारा.

बायकांबद्दल फार कमी लिहिलं जातं. ऱ्होडेशियाचा रे ॲम त्याच्या बायकोला, जिलला घेऊन फिरायचा. केल कॅरुथर्स 1966 साली ऑस्ट्रेलियाहून आला तो बायको-मुलांसकट. रेसमध्ये स्टॉपवॉच धरणं, फेऱ्यांच्या नोंदी ठेवणं, व्हॅन चालवणं, सीमेवरचे कागद, आयोजकांशी पत्रव्यवहार, परक्या देशातल्या बाजारातून स्वस्तात भाजीपाला, पोरांचं शिक्षण. यातलं बरंचसं काम बायका करत. कॅरुथर्स 1969 साली बेनेलीवर 250 सीसीचा विश्वविजेता झाला. शेवटची रेस युगोस्लाव्हियात ओपातियाला होती आणि तिथेच विजेतेपद ठरलं. ते विजेतेपद मी एका माणसाचं धरत नाही, अख्ख्या घराचं धरतो.

आता मृत्यूंबद्दल. या विषयावर लिहिताना लोकांना एक खोड असते. 'मरणाला कवटाळणारे शूरवीर' वगैरे भाषा सुरू होते. मला ती आवडत नाही. ही माणसं मरायला आलेली नव्हती. ती रेस करून पोट भरायला आणि जमलं तर नाव कमवायला आली होती. मेली ती बहुतेकदा अशा कारणांनी, जी टाळता आली असती.

कीथ कॅम्पबेल मेलबर्नचा. 1957 साली मोटो गुझीवर 350 सीसीचा विश्वविजेता, ऑस्ट्रेलियाचा मोटरसायकलमधला पहिलाच. त्याच वर्षअखेर मोटो गुझी, जिलेरा आणि मोंडियाल या तीनही इटालियन कंपन्यांनी रेसिंगमधून अंग काढून घेतलं. विश्वविजेत्याची नोकरी गेली. तो परत स्वतःच्या नॉर्टनवर आला, परत गावोगाव फिरायला लागला. जुलै 1958 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कादूर या छोट्या गावातल्या रेसमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय 26. जगज्जेता माणूस, विजेतेपद अजून वर्षभर जुनंही झालेलं नाही, आणि पोटासाठी जत्रेतल्या रेसला उभा. कंपन्यांच्या इतिहासात 'रेसिंगमधून माघार' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीचा अर्थ हा.

टॉम फिलिस सिडनीचा. होंडाला आज सगळं जग ओळखतं. पण 1961 साली बार्सिलोनात होंडाला जागतिक स्पर्धेतला पहिला विजय मिळवून दिला तो फिलिसने, 125 सीसी गटात. त्या वर्षीचं विश्वविजेतेपदही त्यानेच मिळवलं. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनला नॉर्टनच्या रस्त्यावरच्या गाडीवरून बेतलेल्या, साध्या पुशरॉड इंजिनाच्या गाडीवर त्याने ताशी 100 मैलांच्या वर सरासरीने फेरा मारला. असं इंजिन घेऊन हे तिथे कुणीच केलं नव्हतं. ऱ्होडेशियाच्या जिम रेडमनला होंडाचं दार उघडलं तेही फिलिसमुळेच. 1960 साली हॉलंडमध्ये ॲसनला फिलिस जखमी झाला आणि त्याच्या जागी रेडमन बसला. पुढे रेडमनने सहा विश्वविजेतेपदं जिंकली. फिलिस मात्र 6 जून 1962 रोजी आइल ऑफ मॅनलाच लॉरेल बँकच्या वळणावर गेला.

त्याचा मित्र गॅरी हॉकिंग. हाही ऱ्होडेशियातच वाढलेला, 350 आणि 500 दोन्ही गटांचा 1961 चा विश्वविजेता. फिलिस गेल्यानंतर दोनच दिवसांनी हॉकिंगने सीनियर टीटी, म्हणजे आइल ऑफ मॅनची 500 सीसीची रेस, जिंकली आणि मोटरसायकल रेसिंग कायमचं सोडलं. एमव्ही अगुस्ताची गाडी, जगातली सगळ्यात चांगली जागा, ती सोडून घरी परत गेला. मोटारींच्या रेसकडे वळला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डर्बनजवळ सरावात त्याचाही मृत्यू झाला. वय 25. फिलिसच्या मृत्यूनंतर 'आता पुरे' म्हणायला जे धैर्य लागलं, ते मला त्याच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते 1955 च्या संपाबद्दल. रेसिंगवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग माहीत असायला हवा, आणि तो माहीत असलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

स्टार्ट मनीतली गोम अशी होती. छोट्या गावांतल्या रेस चांगले पैसे देत आणि जागतिक स्पर्धेच्या रेस कमी. कारण उघड होतं. गुणांसाठी रायडर येणारच, जाणार कुठे? आणि गुण मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी छोट्या रेसवालेही भाव देणार नाहीत. दोन्ही बाजूंनी कोंडी. ॲसनच्या डच टीटीला, म्हणजे हॉलंडमधल्या जागतिक स्पर्धेच्या रेसला, तोबा गर्दी होई, तिकिटं खपत, आयोजकांची तिजोरी भरे. ज्यांच्यामुळे मैदान भरलेलं दिसे त्या खासगी रायडर्सना मिळणाऱ्या रकमेत प्रवासखर्चही निघत नसे. 1955 साली त्यांनी जास्त पैसे मागितले. आयोजकांनी दाद दिली नाही. मग 350 ची रेस सुरू झाली, डझनभर रायडर्सनी सावकाश एक फेरा मारला आणि सरळ पिटमध्ये येऊन गाड्या बंद केल्या.

500 ची रेस तोंडावर होती. तेव्हा जेफ ड्यूक आणि रेग आर्मस्ट्राँग या जिलेराच्या फॅक्टरी रायडर्सनी त्यांची बाजू घेतली. ड्यूक म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा रेसर. त्याला पगार होता, गाडी होती, मान होता. त्याला यात पडायचं काहीच कारण नव्हतं. पण मागच्या रांगेतल्यांचं म्हणणं बरोबर आहे हे त्याला दिसत होतं आणि त्याने ते उघडपणे सांगितलं. आयोजकांना नमावं लागलं. पैसे वाढले, रेस झाली, ड्यूक जिंकला.

मग ही जागतिक स्पर्धा चालवणाऱ्या एफआयएम या आंतरराष्ट्रीय महासंघाने बदला घेतला. त्या वर्षाच्या अखेरीस एफआयएमने संपातल्या रायडर्सवर आणि त्यांना साथ देणाऱ्यांवर बंदी घातली. ड्यूक आणि आर्मस्ट्राँगला 1 जानेवारी 1956 पासून सहा महिने. म्हणजे सीझनचा अर्धा भाग गेला. ड्यूकने सलग तीन वर्षं 500 चं विजेतेपद जिंकलं होतं, चौथ्याला तो मुकला आणि नंतर पुन्हा कधी विश्वविजेता झालाच नाही. त्याच्या कारकिर्दीचा हा उतार सांगताना 'बंदीमुळे लय गेली' एवढंच म्हणून लोक पुढे जातात. बंदी कशासाठी होती, ते सांगत नाहीत. मागच्या रांगेतल्या पोरांना पोटापुरते पैसे मिळावेत म्हणून होती. ड्यूकची सहा विजेतेपदं मला लक्षात ठेवावी लागतात. हा प्रसंग विसरताच येत नाही.

किम न्यूकम न्यूझीलंडचा. बर्लिनमध्ये क्योनिग नावाची छोटी कंपनी होती, ती बोटीच्या मागे लावायची इंजिनं बनवायची. हा तिथे कामाला. बोटीचं ते चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन त्याने मोटरसायकलच्या सांगाड्यात बसवलं आणि 500 सीसीच्या जागतिक स्पर्धेत उतरला. 1973 साली युगोस्लाव्हियाची रेस जिंकला. ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला, जागतिक स्पर्धेचा भाग नसलेल्या एका रेसमध्ये, स्टो वळणाच्या उघड्या भिंतीवर आदळून तो गेला. बायको जनीन आणि लहान मुलगा मागे राहिले. सीझन संपला तेव्हा गुणतक्त्यात पहिला फिल रीड, दुसरा न्यूकम आणि तिसरा अगोस्टिनी. घरी बनवल्यासारखी गाडी, आणि मृत्यूनंतरही अगोस्टिनीच्या पुढे. आकड्यांवर वाद घालणाऱ्यांनी हाही आकडा लक्षात ठेवावा.

परिस्थिती बदलली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. 1979 साली अमेरिकन विश्वविजेता केनी रॉबर्ट्सने स्पेनमध्ये स्टार्ट मनीवरून आयोजकांना उघड सुनावलं. बेल्जियममधल्या स्पाच्या नव्या, निसरड्या डांबरावर रेस करायला त्याने आणि इतर आघाडीच्या रायडर्सनी नकार दिला. मग त्यांनी स्वतःची वेगळी मालिका काढायची धमकी दिली आणि एफआयएमला बक्षिसाची रक्कम वाढवावी लागली. याचं श्रेय रॉबर्ट्सला मिळतं आणि ते योग्यच आहे. पण रॉबर्ट्सची टीम कोण सांभाळत होतं? केल कॅरुथर्स. बायको-मुलांसह व्हॅनमधून युरोप पालथा घातलेला तोच कॅरुथर्स. आयोजक रायडरला कसे वागवतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आता परत फिंडलेकडे येतो, कारण त्याच्याविरुद्ध एक मुद्दा हटकून निघतो. 1 मे 1977, ऑस्ट्रियात साल्झबुर्गरिंग. 350 च्या रेसमध्ये भीषण अपघात झाला. हान्स श्टाडेलमन हा स्विस रायडर गेला, आणखी काही जण जबर जखमी झाले, आणि तरी रेस ताबडतोब थांबवली गेली नाही. संतापलेल्या बॅरी शीन आणि इतर मोठ्या रायडर्सनी 500 च्या रेसवर बहिष्कार टाकला. काही खासगी रायडर्स मात्र उतरले. जिंकला जॅक फिंडले, वय 42. त्यावर आजही लोक म्हणतात की त्याने आपल्याच माणसांशी दगा केला, तो विजय खरा नाही.

मला शीनचा बहिष्कार शंभर टक्के योग्य वाटतो. पण फिंडलेला दगाबाज म्हणणं मला मान्य नाही. शीनला सुझुकी पगार देत होती, रेस सोडली तरी महिना थांबणार नव्हता. खासगी रायडर्स उभे राहिले नसते तर त्यांचा परतीचा खर्च कुणी दिला असता? 1955 साली ड्यूकने मागच्या रांगेकडे वळून पाहिलं होतं. 1977 साली त्या रांगेला कुणी भरवसा दिला होता का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्यांच्याकडे गमवायला फक्त तो दिवसच होता, त्यांच्याकडून संपाची अपेक्षा करायची तर त्यांच्यामागे उभं राहायची तयारी लागते. मी त्याचा तो विजय त्याच्या खात्यात पूर्ण धरतो, जसा 1971 चा उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या रेसचा धरतो. 500 गटातला टू-स्ट्रोक इंजिनाचा पहिलावहिला विजय होता तो, सुझुकीवरचा. आणि 1973 ची सीनियर टीटीसुद्धा.

रेसिंग सुटल्यावर फिंडले फ्रान्समध्येच राहिला. एफआयएमने त्याला ग्रांप्रीचा, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या रेसचा, तांत्रिक अधिकारी नेमलं आणि 2001 पर्यंत तो ते काम करत होता. ज्या महासंघाने 1955 साली रायडर्सना घरी बसवलं, त्याच महासंघाच्या वतीने हा माणूस पिटमधून फिरून नव्या पोरांच्या गाड्या नियमात बसतात की नाही ते तपासायचा. 2007 साली तो गेला. ग्रुपवर पुढच्या वेळी यादी निघेल तेव्हा त्याचं नाव मी स्वतः टाकणार आहे. शिवाय कॅम्पबेल, फिलिस, हॉकिंग, न्यूकम आणि बंदी भोगलेला ड्यूक. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी खुशाल घालावा, मी आहेच.